वाऱ्यावर सोडलेली हवा

जुलैमध्ये पुण्याची हवा स्वच्छ असते, पण त्याचे श्रेय कुणी घेत नाही. घेतले तर हसे होईल. अरबी समुद्रावरचा वारा घाट चढून येतो, सोबत पाऊस आणतो आणि शहराने दिवसभरात ओकलेले सगळे उचलून पूर्वेला घेऊन जातो. डिसेंबरात प्रदूषणाचे आकडे चढले की मात्र दोन ठरलेली वाक्ये ऐकू येतात: ‘थंडीमुळे आहे’ आणि ‘उपाययोजना सुरू आहेत’. पुढे फेब्रुवारीच्या अखेरीस वारा सुटतो, आकडे उतरतात आणि उतरलेल्या आकड्यांचा अहवाल निघतो. काम वाऱ्याचे, सही दुसऱ्याची.

हवेचे नियोजन वाऱ्याला वगळून केले की ते कागदावरच राहते. निर्बंध लावायचे तर ते उद्याचा वारा पाहून लावावेत, आणि प्रदूषण कमी झाले असे म्हणायचे असेल तर वाऱ्याचा वाटा आधी वजा करावा. पुण्यात आज यातले काहीच नियमाने होत नाही. आणि हे अशा शहरात, जिथे पाषाणला उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे आणि जिथे 1928 साली देशाच्या हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला जुने पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. वाऱ्याची माहिती या गावात कमी नाही. ती महापालिकेच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

शहरावरची हवा म्हणजे झाकण ठेवलेले पातेले समजा. झाकण किती उंचीवर आहे आणि पातेल्यातून वारा किती वेगाने जातो, या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे त्या वेळची हवेची धुण्याची ताकद. शास्त्रात याला वायुवीजन गुणांक म्हणतात. झाकण म्हणजे जमिनीलगतची हवा जिथवर वर जाऊन घुसळली जाते ती उंची. मेमधल्या दुपारी दख्खनच्या पठारावर ही उंची अडीच किलोमीटरपर्यंत सहज जाते. वारा सेकंदाला 5 मीटर धरला तर गुणाकार येतो 12,500. जानेवारीच्या पहाटे झाकण 200 मीटरवर असते आणि वारा जेमतेम 1 मीटर. गुणाकार 200. कागदावर साठ पटींहून जास्त फरक! प्रत्यक्षात तो तेवढा दिसत नाही, कारण पहाटे रस्ते रिकामे असतात. पण पातेल्याचा आकार असा बदलतो हे एकदा लक्षात आले की ‘काल हवा चांगली होती, आज अचानक काय झाले’ हा प्रश्न पडत नाही. दिल्लीसाठीच्या पूर्वसूचनेत हा गुणांक 6,000 च्या खाली आणि सरासरी वारा ताशी 10 किलोमीटरपेक्षा कमी असला की हवा साचणार असे मानतात. पुण्याच्या हिवाळी रात्री या कसोटीत हमखास नापास होतात.

वेळेचाही हिशेब करून पाहावा. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून आडवा पट्टा 20 किलोमीटरचा धरला, तर सेकंदाला 4 मीटर वाऱ्यात हवा तो दीड तासाच्या आत ओलांडते. 1 मीटर वाऱ्यात तिला साडेपाच तास लागतात. तेवढा वेळ ती प्रत्येक चौकातला धूर गोळा करत पुढे सरकते.

पुण्याचा खोलगटपणा यात भर घालतो. सिंहगड-कात्रजची रांग, वेताळ टेकडी, बाणेर-पाषाणच्या टेकड्या आणि मधून मुळा-मुठेचे पात्र. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री टेकड्यांचे उतार झपाट्याने गार होतात, गार हवा जड असल्याने उतारावरून ओघळते आणि नदीकाठच्या सखल भागात साचते. वर उबदार हवेचा थर बसतो आणि झाकण घट्ट होते. टेकडीवरून पहाटे शहराकडे पाहिले की करड्या रंगाचा जो सपाट पट्टा दिसतो, तो झाकणाचा काठ. सूर्य वर आल्यावर जमीन तापते आणि साधारण नऊ-दहाच्या सुमाराला हा थर फुटतो. फुटताना वर अडकलेला धूर आधी खाली घुसळला जातो, म्हणून आठ ते साडेनऊ ही वेळ पहाटेपेक्षाही वाईट असू शकते. नेमकी तीच शाळा-ऑफिसच्या गर्दीची वेळ. संध्याकाळी सूर्य मावळताच झाकण परत बसायला लागते आणि सात ते दहाची वाहतूक त्याखाली सापडते. आता यात सरासरीची गंमत पाहा. हवेचा रोजचा निर्देशांक धूलिकणांसाठी 24 तासांच्या सरासरीवर काढतात. दुपारच्या चार-पाच बऱ्या तासांनी सकाळ-रात्रीचे वाईट तास झाकले जातात आणि फलकावर ‘समाधानकारक’ दिसते. हिवाळ्यात सहा वाजता टेकडी चढणाऱ्या मंडळींना हे कुणीतरी सांगायला हवे. फुफ्फुसांच्या दृष्टीने डिसेंबरातली दुपारची तीन-चारची वेळ कितीतरी बरी, पण फिरायला जायचे ते पहाटेच, हा आपला संस्कार पडला.

वारा वाढला की हवा सुधारते, हे अर्धेच खरे. खळ्यावरची उफणणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना उरलेले अर्धे समजायला पुस्तक लागणार नाही. वावडीवर, म्हणजे उंच तिवईवर, उभे राहून धान्य ओतले की दाणा पायाशी पडतो, भूस चार हातांवर, आणि बारीक धूळ शेजाऱ्याच्या रानात. वारा एकच, पण वजनाप्रमाणे प्रत्येकाला वेगळे ठिकाण देतो. 10 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मातीचा कण शांत हवेत 10 मीटर उंचीवरून खाली यायला साधारण 20 मिनिटे घेतो, 2.5 मायक्रॉनचा कण पाच तासांहून जास्त. म्हणून धुरातला बारीक कण, म्हणजे पीएम 2.5, वाऱ्याने पातळ होतो: वेग दुप्पट झाला की प्रमाण ढोबळमानाने निम्म्यावर येते. रस्त्याकडेची माती, उघडा राडारोडा, खडी क्रशरची भुकटी यांचे तसे नाही. तिथे सेकंदाला 5-6 मीटरपर्यंत वारा मदत करतो, त्यापुढे तोच धूळ उचलू लागतो आणि पीएम 10, म्हणजे 10 मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे प्रमाण, चढतो. यंत्र नसले तरी हा टप्पा डोळ्यांना कळतो. धूर नुसता एका बाजूला कलला तर वारा ताशी 1 ते 5 किलोमीटर. पाने सळसळली तर 6 ते 11. रस्त्यावरचे कागद आणि धूळ उडू लागली म्हणजे 20 च्या पुढे.

23 जानेवारी 2022 ला मुंबई-पुण्यावर जे झाले ते याचे मोठे उदाहरण. वायव्येकडून, पाकिस्तानच्या बाजूने निघालेले धुळीचे वादळ अरबी समुद्रावरून इकडे आले. वारा जोरात होता, थंडी होती, आणि हवा मात्र धुळीने पांढरी. ‘वारा आहे म्हणजे हवा स्वच्छ’ हे समीकरण त्या दिवशी चुकले, कारण वारा येताना काय घेऊन आला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

दिवाळीनंतर होणारी तुलना तर सोडूनच द्यावी अशी. 2022 मध्ये लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होते, 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला. मधल्या 19 दिवसांत रात्री बऱ्याच थंडावतात आणि झाकण खाली येते. फटाके तेवढेच उडाले तरी नोव्हेंबरच्या दिवाळीत आकडा चढलेला दिसू शकतो. अशा दोन आकड्यांवरून ‘पुणेकर सुधारले’ किंवा ‘बिघडले’ असे मथळे करणे म्हणजे पावसाळ्यातल्या विहिरीची उन्हाळ्यातल्या विहिरीशी तुलना करून पाणी कुणी चोरले ते शोधणे.

खरी तुलना करणे अवघडही नाही. मापन केंद्राचा तासातासाचा आकडा घ्या, त्याच तासाचा वाऱ्याचा वेग आणि दिशा शेजारी मांडा. वेगाचे चार गट करा: सेकंदाला 1 मीटरपेक्षा कमी, 1 ते 2, 2 ते 4, त्यापुढचा. मग यंदाच्या जानेवारीतले ‘1 पेक्षा कमी’ गटातले रात्री आठचे तास मागच्या जानेवारीतल्या तशाच तासांशी ताडून पाहा. कमी झाले असतील तर धूर खरोखर कमी झाला. एकच पथ्य: वारा मोजणारे यंत्र 10 मीटर उंचीवर, मोकळ्यात, अडथळ्याच्या उंचीच्या दहापट लांब असावे. इमारतीच्या आडोशाला लावलेले यंत्र वर्षभर ‘शांत’ दाखवते आणि वरचा सगळा हिशेब बिघडवते. दिशेची नोंद तर फारच बोलकी असते. ईशान्येकडून वारा आला की एखाद्या केंद्रावर पीएम 10 उसळतो आणि पश्चिमेकडून आला की उतरतो, असे दिसले तर तपासणी पथकाने कुठल्या रस्त्याने निघायचे हे कळते. 2019 पासून राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात पुणे आहे, पैसेही येतात. त्या खर्चाचा ताळेबंद अशा पद्धतीने मांडला, तर कोणता उपाय लागू पडला आणि कोणता नुसता फोटोपुरता होता हे समोर येईल. कदाचित म्हणूनच मांडला जात नसावा.

फोटोपुरत्या उपायांबद्दल एकच गणित पुरे. ऑगस्ट 2021 मध्ये दिल्लीत कनॉट प्लेसजवळ हवा गाळणारा मोठा मनोरा उभा राहिला. सेकंदाला 1,000 घनमीटर हवा गाळण्याची त्याची क्षमता. आता पुण्यावरची हवा मोजा. 20 किलोमीटर रुंदी, 300 मीटर उंची आणि सेकंदाला 2 मीटर एवढाच मंद वारा. सेकंदाला 1 कोटी 20 लाख घनमीटर हवा शहरात शिरते. तिच्यासाठी असे 12,000 मनोरे लागतील. चौकाचौकांत पाण्याचे तुषार उडवणाऱ्या यंत्रांचा जीव याहूनही लहान. वाऱ्याशी यंत्राने कुस्ती खेळण्यात अर्थ नाही. वारा पडलेला असताना धूर कमी सोडणे एवढेच हाती आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप रोजगाराचा: हिवाळाभर बांधकामे बंद ठेवायची का? तशी गरजच नाही. वारा पडण्याचे दिवस दोन-तीन दिवस आधी सांगता येतात, आणि दिवसातले वाईट तास तर ठरलेलेच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी खोदाई, पाडकाम, फरशी-दगड कापणे ही धुळीची कामे सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळेतच करावीत, कारण त्या वेळी झाकण उघडे असते. प्लास्टर, वायरिंग, सळई बांधणे कधीही चालू द्या. मजुराचा खाडा होत नाही. अडचण दुसरीकडे आहे. गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते, म्हणून माती आणि राडारोडा वाहणारे डंपर रात्री धावतात, बरेचसे ताडपत्रीशिवाय. म्हणजे वाहतुकीच्या सोयीसाठी आपण सगळी धूळ झाकण बसलेल्या तासांत ढकलून दिली. वाहतूक विभाग आणि पर्यावरण विभाग एकमेकांचे वेळापत्रक पाहत नाहीत, त्याचे हे फळ. दुपारी बारा ते चार या वेळेत, हिवाळ्यापुरती, झाकलेल्या डंपरना ठरावीक मार्गांवर मोकळीक दिली तर कोंडी थोडी वाढेल, हे मान्य. माझ्या मते तो सौदा परवडणारा आहे.

बांधकामाच्या कुंपणाचेही तसेच. केंद्राच्या जानेवारी 2018 च्या अधिसूचनेत बांधकामाभोवती वारा-अडथळा सांगितला आहे: इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश, जास्तीत जास्त 10 मीटर. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई महापालिकेने 25 आणि 35 फुटी पत्र्यांचा नियम केला. उंचीवर सगळ्यांचे लक्ष, पण अडथळा कसला हवा हे शेतकऱ्याला विचारावे. केळीच्या बागेला वारा लागू नये म्हणून तो भोवती शेवरी लावतो, भिंत बांधत नाही. भरीव भिंतीवरून वारा उसळी मारून मागे भोवरे करतो. निम्मा वारा जाऊ देणारा अडथळा त्याचा जोर मोडतो आणि उंचीच्या दहापट अंतरापर्यंत आडोसा देतो. तेव्हा खाली पत्रा आणि वर दाट जाळी, हे दोन्ही लागते. नुसता पत्रा उभा केला की धूळ त्याच्यावरून जाऊन समोरच्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर पडते. पाणी मारण्यातही प्रमाण हवे. जास्त मारले की चिखल होतो, तो डंपरच्या टायरला लागून पुढच्या चौकापर्यंत जातो, तिथे वाळतो आणि दुपारच्या वाऱ्यावर पुन्हा उडतो. फाटकावर टायर धुण्याचा खड्डा नसेल तर आतले सगळे शिंपण फुकट.

शहरातून निघालेली हवा जाते कुठे, हे शहरात कुणी विचारत नाही. वारा म्हणजे हमाल. तो ओझे उचलतो आणि दुसऱ्याच्या अंगणात उतरवतो. उन्हाळ्यात पश्चिमी वाऱ्याबरोबर पुण्याचा धूर लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, दौंडकडे जातो. वाटेत ऊन लागून त्यातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून आणि इंधनाच्या वाफांपासून ओझोन हा जमिनीलगत पिकांना घातक ठरणारा वायू तयार होतो. शहरात ताज्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो, म्हणून ओझोन बऱ्याचदा शहरापेक्षा वाऱ्याच्या खालच्या अंगाच्या, म्हणजे वारा जिकडे जातो तिकडच्या, गावांत जास्त भरतो. म्हणजे ज्या गावात ना सिग्नल ना वाहतूक कोंडी, तिथल्या पिकाचे पान पिवळे पडते आणि शेतकरी खताला दोष देतो. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार ओझोनमुळे देशात 2005 या एका वर्षात गव्हाचे सुमारे 35 लाख टन आणि भाताचे 21 लाख टन नुकसान झाले. एवढे होऊनही मापन केंद्रांची दाटी शहरातच. दौंड रस्त्यावरच्या गावांना आपल्या हवेत काय आहे हे कळायचा मार्ग नाही.

हिवाळ्यात पारडे फिरते. नोव्हेंबर-डिसेंबरात जो थोडाफार वारा असतो तो बहुतेक पूर्व-ईशान्येकडचा, आणि त्याच वेळी ऊसतोड सुरू असते. तोडणीनंतर पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, जाळायचे तर शेतकरी संध्याकाळची वेळ धरतो, कारण वारा पडलेला असला की आग बांधावरून पलीकडे जात नाही. आगीच्या दृष्टीने हे शहाणपणाचे, धुराच्या दृष्टीने सगळ्यात वाईट: धूर वर जात नाही, रात्रभर रांगत राहतो. त्याला नुसते ‘जाळू नका’ सांगून भागत नाही. एका हेक्टरात 8 ते 10 टन पाचट निघते. ते सरीत दाबून त्यावर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकले तर त्याचे खत होते आणि आच्छादनामुळे पाणीही वाचते. पण कुट्टी करणारे यंत्र तोडणीनंतर आठवडाभरात बांधावर आले तरच. ते वेळेवर न आल्यामुळे पेटलेली काडी शहरातल्या भाषणांनी विझत नाही. वाघोली-लोहगावकडचे खडी क्रशर, उरुळी देवाचीचा कचरा डेपो हेही हिवाळी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे, येतात. कुणाचा धूर कुणाकडे हा वाद म्हणून ऋतूप्रमाणे बाजू बदलतो, आणि महापालिकेच्या हद्दीत तो सुटणार नाही. हवेसाठी दौंड-शिरूरपासून मावळापर्यंत एकच नियोजन क्षेत्र धरावे लागेल.

टेकड्या आणि नदी यांचा प्रश्न आपण झाडे-पक्ष्यांपुरता ठेवला, ही चूक झाली. रात्री टेकडीवरून ओघळणारी हवा गार असते, पण स्वच्छही असते. उतारावर इमारतींची रांग उभी राहिली की ती अडते आणि खालच्या वस्तीची उरलीसुरली हालचालही थांबते. जर्मनीतले श्टुटगार्ट असेच खोलगट. तिथे उतारांवरून शहरात येणारे वाऱ्याचे मार्ग नकाशावर आखून बांधकामापासून राखले आहेत. पुण्यात महापालिकेच्या हद्दीत समाविष्ट झालेल्या 23 गावांतल्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण आहे. त्यातला प्रत्येक टक्का बांधकामाला देताना खालच्या वस्तीच्या हवेचे काय, हा रकाना प्रस्तावात नसतोच. पेठांतल्या अरुंद रस्त्यांची गत निराळी. 12 मीटर रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना 15 मीटर उंच इमारती असतील तर आडवा वारा छपरांवरून सरळ निघून जातो आणि खाली नुसता भोवरा फिरतो. त्यात वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूच्या पदपथावर धूर जास्त साचतो. पुनर्विकासात दोन मजले वाढवताना पार्किंगचा हिशेब होतो, हवेचा होत नाही.

दिल्लीत 2022 पासून टप्प्याटप्प्याचे निर्बंध अंदाजावरून, म्हणजे आकडा चढायच्या आधीच, लावण्याची तरतूद आहे. तो आराखडा राजधानी क्षेत्रापुरताच. दिल्ली त्याने स्वच्छ झाली असे कुणी म्हणणार नाही, पण त्यातली आधीच पाऊल टाकण्याची कल्पना घेण्यासारखी आहे, आणि पुण्याची परिस्थिती दिल्लीपेक्षा बरी असल्याने इथे ती लवकर फळेल. गुणांक 6,000 च्या खाली जाणार असे दिसताच आदल्या संध्याकाळी निरोप जावा: उद्या खोदाई अकरानंतर, क्रशर बंद, झाडलोटीआधी हलके शिंपण, कचरा आणि पाला जाळणाऱ्यांवर रात्रीची गस्त. सोसायटीच्या रखवालदाराला शेकोटीऐवजी एक जाड जाकीट आणि विजेची शेगडी द्यायला सोसायटीला फार खर्च येत नाही. हे सगळे कंत्राटदारांवर बंधनकारक करायचे तर ते निविदेच्या अटींत, दरासकट, लिहिलेले असावे लागते. पश्चिमी वारे ऑक्टोबरात थांबतात. त्यानंतर काढलेल्या परिपत्रकाला कंत्राटदार ‘हे आमच्या कामात धरलेले नाही’ असे उत्तर देतो, आणि नियमाने ते बरोबर असते.